शाळेतला समुद्र: गोटे रचण्याच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४

टाकी आली. नागपूरहून पिकअपमध्ये, चार गाद्यांच्या मधोमध, नवरीसारखी. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, काच १२ मिलिमीटर. उतरवायला सहा जण होते आणि सल्ले द्यायला सोळा. प्रयोगशाळेच्या उत्तरेच्या भिंतीला लोखंडी स्टँड, त्यावर प्लाय, प्लायवर थर्माकोलचा पत्रा आणि मग टाकी. पाणी, गोटे, रेती धरून सगळं मिळून अर्ध्या टनाच्या वर जाईल. खालची जमीन पोकळ वाजते का, ते कालच ठोकून पाहिलं होतं.

माझ्याबद्दल एकदाच लिहून ठेवतो. आखातात नऊ वर्षं मी लोकांच्या दिवाणखान्यातले समुद्र पुसले. काच घासणं, पाणी बदलणं, प्रवाळ चिकटवणं आणि साहेबाला आवडेल असे खडक रचणं. आता वणी तालुक्यात घरचं वावर करतो: कापूस, तूर, थोडं सोयाबीन. हेडसरांना जुनी गोष्ट कुठून तरी कळली. म्हणाले, "भाऊ, आपल्या पोरांनी समुद्र पायलाच नाही. एक करून द्या ना." लोकवर्गणी झाली, माझं तोंड बंद झालं.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली. या टाकीत प्रवाळ येणार नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे कठीण प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाच्या शेजारी. टिपेश्वरच्या वाघाला जे संरक्षण, तेच मन्नारच्या आखातातल्या प्रवाळाला. जिवंत नको आणि मेलेला सांगाडाही नको. हेडसरांचा चेहरा पडला. मग मीच म्हटलं, मासे ठेवू, पण गोटे असे रचू की उद्या कुणी अॅक्रोपोरा (फांद्यांचा एक कठीण प्रवाळ) आणून ठेवला तर तो तिथे जगला असता. पोरांना प्रवाळ दिसणार नाही, पण त्याला काय काय लागतं ते कळेल. हेडसरांना हे पटलं की नाही कोण जाणे, पण टाकी तर आली होती.

१४ नोव्हेंबर

गोटे कुठून आणायचे? आखातात प्रश्न नव्हता, फिजीहून खोक्यांत यायचे. हलके, छिद्राछिद्रांचे, मूळचे प्रवाळाचेच सांगाडे. इथे तो रस्ता बंद.

पोरांनी आपापल्या परीने आणले. वावरातला काळा गोटा पाच जणांनी आणला. बसाल्ट. खारट पाण्यात सहसा काही बिघडवत नाही, पण वजनाला लोखंड आणि अंगाला गुळगुळीत. नववीतली एक पोरगी कायम मोजपट्टी घेऊन फिरते (पुढे तिला मोजपट्टीवालीच म्हणतो). तिने मुकुटबन रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला राखाडी चुनखडक आणला. दोन्हींवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून दाखवले. काळा गप्प बसला, राखाडी फसफसला. पोरांना वाटलं, फसफसला तोच पास.

पास खरा, पण अर्धाच. कॅल्शियम कार्बोनेट दोघांतही, मुकुटबनच्या खडकात आणि प्रवाळाच्या सांगाड्यातही. पण आपला चुनखडक कॅम्ब्रियनपूर्व काळातला, ५४ कोटी वर्षांहून जुना. आजच्या कठीण प्रवाळांचं घराणं साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीचं. इथे समुद्र होता तेव्हा हे प्रवाळ जन्मालाही आले नव्हते. शिवाय तो दबून दबून इतका घट्ट झाला आहे की आत पाणी शिरत नाही. टाकीतल्या खडकाचं निम्मं काम त्याच्या छिद्रांत चालतं. पृष्ठभागावरचे जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया नायट्राइट-नायट्रेटपर्यंत नेतात, आणि आतल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या छिद्रांतले जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करतात. ठोस गोट्याला आतलं घरच नाही.

मग ठरलं, गोटे आपणच ओतायचे.

२२ नोव्हेंबर

कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानातून शिंपल्याचा चुरा आणला, ५० किलोचं पोतं. अंड्याचं कवच पक्कं व्हावं म्हणून कोंबड्यांना घालतात तोच. दुकानदाराने विचारलं, "किती पक्षी आहेत?" म्हटलं, एकही नाही. त्याने पुढे विचारलं नाही.

घमेल्याचं माप असं: सिमेंट एक, शिंपल्याचा चुरा तीन, खडे मीठ एक. पाणी बेताचं, मुठीत दाबलं तर लाडू व्हावा आणि बोटांतून ओघळू नये. मीठ नंतर पाण्यात विरघळून जातं आणि त्याच्या जागी छिद्रं राहतात. पहिल्या घाण्यात मी शहाणपणा करून मीठ दोन घमेली टाकलं. जास्त मीठ, जास्त छिद्रं! तिसऱ्या दिवशी ते गोटे हातात घेतले तर राखुंडीसारखे भुरभुरले. सहा गोटे गेले. मोजपट्टीवालीने वहीत "चूक क्र. १" असं लिहिलं, मला विचारायच्या आधीच.

साचा म्हणजे मैदानातली ओली रेती. रेतीत हाताने खड्डा करायचा, तळाला ओल्या रेतीचे उंचवटे ठेवायचे (तिथे भोक पडतं), मिश्रण दाबायचं, वरून पुन्हा रेती. पोरांना हे सांगायला लागलंच नाही, पोळ्याला मातीचे बैल केलेले हात ते. एकूण ३७ तुकडे: पसरट थाळ्या, कमानी, बुटके खांब, काही नुसतेच वेडेवाकडे. वेडेवाकडेच पुढे जास्त कामाला येतात असा माझा अनुभव.

एका पोराने विचारलं, "काका, कायले पाह्यजे इतके भोकं?" म्हटलं, भोकं आपण विकत घेतली असती तर गोट्यापेक्षा महाग पडली असती.

१ डिसेंबर

आठवडाभर स्लॅबसारखी तराई केली, आज गोटे हौदात. सिमेंटचा चुना सुटतो, पीएच बाराच्या वर. पाण्यावर दुसऱ्या दिवशी पांढरी साय धरते. हात घालायचा तर हातमोजे. दर चार-पाच दिवसांनी पाणी बदल.

माय वावरातून येताना शाळेत डोकावली. "गोटे भिजू घातले का रे? शिजतीन कवा?"

२२ डिसेंबर

पीएच १०.५. कापूस वेचणी जोरात, मजूर मिळत नाहीत. पाणी बदललं. बाकी काही नाही.

१२ जानेवारी २०२५

पीएच ९.२. साय जवळपास थांबली. गोट्याला तोंड लावून फुंकलं तर दुसऱ्या बाजूने हवा येते. छान.

१८ जानेवारी

आज कोरडी मांडणी. टाकीत नाही. जमिनीवर टाकीच्या तळाएवढी खडूने चौकट आखली, मागे उंचीच्या खुणा केलेला पुठ्ठा उभा केला. पोरांना म्हटलं, तुम्ही रचा, मी पाहतो.

अर्ध्या तासात मागच्या काचेला टेकून, डावीकडून उजवीकडे, तळापासून वरपर्यंत सलग रचून मोकळे. भुरभुरलेले सहा सोडून उरलेले सगळे ३१ गोटे वापरले. फार देखणं दिसत होतं, खरं सांगतो. एक जण मागे सरकून म्हणाला, "काका, हे तं धुराच झाला." अगदी तेच. वावराचा धुरा. मातीची धूप थांबवायला, पाणी अडवायला आपण जे बांधतो, तेच पोरांच्या हातांनी आपोआप बांधलं.

मीही आखातातल्या पहिल्या वर्षी हेच केलं होतं. एका मोठ्या घरात आठ फुटी टाकीत खडकाची भिंत उभी केली, साहेब खूश, बक्षीसही दिलं. सात-आठ महिन्यांत भिंतीमागे गाळ साचला. तिथे हात पोचेना, नळी पोचेना, प्रवाह तर नाहीच. नायट्रेट, फॉस्फेट चढत गेलं, खालच्या ओळीतल्या प्रवाळांचं मांस बुंध्याकडून सुटायला लागलं. शेवटी भिंत काढायला दोन रात्री गेल्या आणि काढलेल्या खडकांचा वास कपड्यांना आठवडाभर होता.

म्हणून आज पोरांसमोर धुरा मोडला. थोडे रडवेले झाले. मग जमिनीवर बसून बोललो, ते इथे उतरवून ठेवतो, कारण हाच या कामाचा गाभा आहे.

कठीण प्रवाळ एका जागी बसलेला प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे त्याला उजेड हवा. पण तो हलत नाही, म्हणून त्याचं उरलेलं खाणं, त्याचा श्वास, सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम आणि कार्बोनेट, सगळं पाण्यानेच आणून द्यायचं आणि त्याची घाणही पाण्यानेच न्यायची. चारी बाजूंनी. अॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळाला पाणी एका दिशेने सपसप मारणारं नको. ते घोटाळणारं, उलटसुलट, जोराचं हवं. मोठ्या मांसल पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) प्रवाळांना, युफिलियासारख्यांना, मंद झुळूक पुरते. जोर जास्त झाला तर त्यांचं मांस स्वतःच्याच सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतं. उजेडाचंही तसंच. अॅक्रोपोराला पार मीटरवर (शैवालाला वापरता येणारा उजेड मोजायचं यंत्र) साधारण २५० ते ३५० लागतात, युफिलिया ८० ते १५० मध्ये सुखी. एकाच टाकीत दोन्ही ठेवायचे तर वर उन्हाची माळरानं पाहिजेत आणि खाली सावलीचे ओटे.

आणि गोटा ठेवला की तो पाण्याला अडवणारच. आपल्या हातात एवढंच की कुठे अडवायचं.

मोजपट्टीवालीने विचारलं, "मग गोटे कमी लावले तर?" तोच धडा मला शिकायला तीन वर्षं लागली होती.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, मग हौदाकडे. तीन दिवस तसंच ठेवलेल्या पाण्याचा पीएच ८.३. गोटे पास.

२ फेब्रुवारी

दुसरी मांडणी. ३१ पैकी १७ गोटे. दोन बेटं: डावीकडे मोठं, उजवीकडे बुटकं, मध्ये वीतभर वाहती वाट. बरोब्बर मध्ये नाही, थोडी उजवीकडे. सारख्या आकाराची दोन बेटं केली की टाकी दुकानाच्या काचेसारखी दिसते. प्रत्येक काचेपासून चार बोटं अंतर, काच घासायचा चुंबक आणि घासणाऱ्याचा हात दोन्ही मावले पाहिजेत. सगळ्यात उंच टोक पाण्याच्या पातळीच्या १५ सेंटिमीटर खाली, कारण प्रवाळ वर वाढणार. आखातात पाहिलं आहे, आज सुंदर दिसणारी उंच रचना दोन वर्षांत पाण्याबाहेर डोकं काढते.

ही वाढ पोरांना दाखवायची कशी? इथे वावर कामाला आलं. धुऱ्यावर उपटून टाकलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता. पऱ्हाटी आणि अॅक्रोपोरा यांचं रूप इतकं मिळतंजुळतं आहे की मीच चकित झालो, बुंधा, फांदी, उपफांदी, टोकं. जलद वाढणारा फांद्यांचा प्रवाळ चांगल्या परिस्थितीत वर्षाला दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. गोल दगडासारखा पोरायटीस वर्षाला एखादा सेंटिमीटर. तेव्हा पहिल्या वर्षासाठी बोटभर पऱ्हाटी, दुसऱ्यासाठी वीतभर, तिसऱ्यासाठी अख्खं झुडूप. पोरायटीस म्हणून चिकणमातीचे गोळे: लिंबाएवढा, मग थोडासाच मोठा लिंबू. पोरं त्याला "आळशी" म्हणायला लागली.

तीन वर्षांची मांडणी वीस मिनिटांत झाली. पहिल्या वर्षी सगळं मोकळं. दुसऱ्या वर्षी वरच्या थाळीवरच्या दोन पऱ्हाट्या एकमेकींत अडकल्या. तिसऱ्या वर्षी वरचं झाडोरं इतकं माजलं की खालच्या ओट्यांवर अंधार. बल्ब लावून मोबाईलच्या लक्समापकाने मोजलं. वरच्या थाळीवर जितका उजेड, त्याच्या सहावा हिस्सा खाली. मोबाईलचा आकडा म्हणजे पार मीटर नव्हे, पण वर-खालचा फरक समजायला पुरे.

मग वरच्या थाळ्या एकाखाली एक न ठेवता जिन्यासारख्या सरकवल्या. वरच्या थाळीवर जागा सातऐवजी तीनच.

भांडणांचाही विचार केला. प्रवाळ शेजाऱ्याशी गोड वागत नाहीत. रात्री काही जण लांब दंशसोंडा बाहेर काढतात, गॅलेक्सियाच्या तर वीतभर. काही जण पोटातले पाचक तंतू बाहेर टाकून शेजाऱ्याला जागच्या जागी पचवतात. पोरांना समजवायची गरज पडली नाही. एकजण म्हणाला, "म्हंजे आमच्या काकाचं अन् बाबाचं हाय तसं, धुऱ्यावरून." सगळे हसले, मीही. पण त्याचा चेहरा पाहिल्यावर थांबलो. प्रत्येक जागेला २० सेंटिमीटरचा सुतळीचा फास करून ठेवला. दोन फास एकमेकांवर आले की एक जागा रद्द. शेवटी चौदा जागा उरल्या. तीनशे लिटरच्या वर पाणी आणि फक्त चौदा.

१२ फेब्रुवारी

जोडणी. इथे लोखंड चालत नाही, तार, खिळा, स्क्रू काहीच नाही. खारट पाण्यात गंजतं. डुकरांसाठी वावराभोवती झटका कुंपण लावतो, त्याच्या फायबरच्या काड्या उरल्या होत्या. गोट्यांना दहा मिलिमीटरची भोकं पाडून काड्या आत, फटीत सिमेंटचा पातळ घोळ. लहान तुकड्यांना सुपरग्लू जेल आणि इपॉक्सी पुट्टी, दोन्ही मिळून. नुसती पुट्टी गोट्याला धरत नाही आणि नुसता ग्लू ठिसूळ. पुट्टीच्या दोन्ही बाजूंना ग्लूचा थेंब लावून दाबलं की बसतं.

काड्या कापताना हातमोजे आणि तोंडाला फडकं, फायबरची धूळ कातडीत घुसते. ड्रिल चालवणाऱ्या दहावीच्या पोराचा हात इतका स्थिर की मी ड्रिल परत मागितलंच नाही.

१५ फेब्रुवारी

मोठ्या बेटाची कमान रात्री पडली. सकाळी दार उघडलं तर दोन तुकडे आणि टेबलावर शाळेचा बोका, अगदी निर्विकार. दोष बोक्याचा नाही. काडी मी एका बाजूला जेमतेम दीड सेंटिमीटर आत घातली होती, भोक खोल जाईना म्हणून घाई केली. टाकीत असं झालं असतं तर काच गेली असती. आता नियम केला: प्रत्येक जोड किमान चार सेंटिमीटर आत, आणि जोडणी झाली की दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं. हलवायला भीती वाटली तर तो जोड कच्चा समजायचा.

चूक क्र. २. वही भरत चालली आहे.

२४ फेब्रुवारी

रचना टाकीत. गोटे थेट काचेच्या तळावर, खाली फक्त पातळ फोमचा तुकडा. रेती सगळ्यात शेवटी. रेतीवर गोटे ठेवले की उकरणारा मासा किंवा कोळंबी खालून रेती काढते आणि बेट कलंडतं.

साधं पाणी भरलं, मीठ अजून नाही. दोन वेव्हमेकर (लाटा करणारे पंप) समोरासमोर, आळीपाळीने चालणारे, दोघं मिळून ताशी बारा हजार लिटर फिरवतात. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला तीस-बत्तीस वेळा.

आता रंगाची परीक्षा. जिलेबीचा लाल रंग पाण्यात कालवून इंजेक्शनच्या पिचकारीत भरला. पिचकारीला सलाइनची नळी लावली. नळीचं टोक एका जागेजवळ न्यायचं, थोडा रंग सोडायचा आणि तो पुरता विरेपर्यंत सेकंद मोजायचे. चौदा जागा, प्रत्येकी तीनदा. प्रयोगशाळेत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली.

वरच्या जागा तीन-चार सेकंदांत साफ. मधल्या सहा-सात. कमानीखाली आठ. मोठ्या बेटाच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, ४० सेकंदांनंतरही लाल ढग तिथेच बसून. मागच्या काचेशी एकच गोटा असा आडवा बसला होता की पाणी त्याच्यावरून उडी मारून पुढे जात होतं आणि मागे भोवरा मरत होता.

पंप हलवून पाहिले, फरक नाही. पंपाचा जोर वाढवला तर पुढच्या जागांवर पाणी सपसप मारायला लागलं आणि मागचा ढग तसाच. शेवटी हात घालून तो एकच गोटा तीस अंशांनी फिरवला आणि खालचा छोटा तुकडा काढून तिथे मूठभर खिडकी केली. पुन्हा रंग. ९ सेकंद.

ड्रिलवाला म्हणाला, "एक गोटा काढला तं एवढा फरक?" मी काही बोललो नाही. खरं तर मला आठ फुटी टाकी आठवत होती.

२५ फेब्रुवारी

कालच्याच कामाची दुसरी बाजू. रंग म्हणजे पाणी, पण घाण पाण्यासारखी वागत नाही, ती जड असते. सोयाबीनचं कुटार (भुसा) बारीक चुरून, रात्रभर भिजवून, बुडेल तेवढंच घेतलं आणि मूठभर टाकीत सोडलं. अर्ध्या तासाने पाहिलं. बहुतेक कुटार पुढच्या उजव्या कोपऱ्यात उघड्यावर जमलं, जिथून नळीने ओढता येतं. हेच हवं होतं. थोडं कमानीच्या पायथ्याशी अडकलं, तिथली फट पुट्टीने बुजवली. घाण कुठेच जमू नये असं होत नाही. ती आपल्या डोळ्यांसमोर जमावी, एवढी सोय करता येते.

पाणी काढलं, गोटे दोनदा धुतले, वर्गात कुटाराचा वास.

३ मार्च

गावातल्या एक काकू रामेश्वरला जाऊन आल्या. पिशवीतून पांढरंशुभ्र "समुद्राचं फूल" काढून माझ्या हातात दिलं. "तुमच्या टाकीले होईन म्हणून आणलं." फांद्यांच्या प्रवाळाचा सांगाडा. कुणी तरी किनाऱ्यावर विकत होतं म्हणे. इतकं सुंदर, आणि घेता येत नाही. कायदा सांगितला, मेलेलाही चालत नाही, विकत घेणाराही अडकतो. काकू घाबरल्या, मग चिडल्या. "देवाच्या गावचं हाय ते!" शाळेत ठेवायचं नाही, एवढंच सांगून तालुक्याच्या वन कार्यालयात विचारायला सुचवलं.

पोरांनी मात्र तेवढ्या वेळात ते डोळ्यांनी पिऊन घेतलं. फांदीच्या अंगावरचे बारीक खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एक प्राणी राहत होता. मोजपट्टीवालीने हात मागे बांधून पाहिलं. महाराष्ट्रात असतात का, विचारलं. असतात. मालवणजवळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, तिथेही आहेत. चालत जाऊन पाहायचे तर जामनगरकडे नरारा, ओहोटीला गुडघाभर पाण्यात. मी गेलो आहे. तिथे खडक मातकट, पाणी गढूळ, आणि तरीही प्रवाळ.

१६ मार्च

पाणी. आमच्या बोअरचं पाणी टाकीत घालायची सोयच नाही. टीडीएस (विरघळलेले क्षार) नऊशेच्या घरात, आणि आमच्या जिल्ह्यात फ्लोराइडचा त्रास आहे तो वेगळाच. आरओ लावला. वाया जाणारं पाणी शाळेच्या कडुनिंबांना. टाकीत प्रत्यक्ष ३७२ लिटर मावलं (बादल्या मोजल्या), त्याला साधारण १४ किलो समुद्री मीठ. विशिष्ट गुरुत्व १.०२५.

एका पोराने चाखून पाहिलं आणि थुंकलं. मग रांग लागली.

२३ मार्च

जिवाणूंसाठी अमोनिया. कल्हईवाल्याचा नवसागर नको, प्रयोगशाळेतला शुद्ध अमोनियम क्लोराइड, तीन ग्रॅमच्या आत. सोबत बाटलीतले जिवाणू. आता नवे, कोरडे, निर्जीव गोटे वसायला पाच-सहा आठवडे.

६ एप्रिल

ऊन सुरू. बाहेर ४२. टाकीत २९.५, आणि प्रवाळ असते तर मला झोप लागली नसती. त्यांना २५ ते २७ मानवतं. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशाने जास्त पाणी काही आठवडे राहिलं की शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा होतो. गेल्या वर्षी लक्षद्वीपला तेच झालं.

टाकीवर पंखे लावले, बाष्पीभवनाने दोन अंश उतरतं. रोज सहा-सात लिटर पाणी उडतं, तेवढं आरओचं गोडं पाणी भरायचं, मीठ नाही. हेडसरांनी प्रेमाने खोलीत कूलर लावला. खोलीतल्या माणसांना गार वाटलं आणि टाकीचं तापमान वर गेलं! दमट हवेत पाणी कमी उडतं. कूलर दुसऱ्या वर्गात हलवला. हेडसर माझ्याशी दिवसभर कमी बोलले.

गोट्यांवर तपकिरी पावडर चढली आहे. डायाटम, एक सूक्ष्म शैवाल, नव्या टाकीला येतातच.

१३ एप्रिल

दुपारी चार तास वीज नाही. हाताने रंग सोडून पाहिला, पंप बंद असताना. ढग जागच्या जागी लटकलेला. बॅटरीचा हवापंप कमानीच्या तोंडाशी लावला, बुडबुड्यांनी पाणी वर उचललं जातं आणि खिडकीतून मागे खेचलं जातं. दोन मिनिटांत मागचा कोपराही फिकट झाला. त्या दिवशीचा एक गोटा फिरवला नसता तर पहिला दम त्याच कोपऱ्यात घुटमळला असता.

२७ एप्रिल

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट १५. तपकिरी थर आपोआप उतरायला लागला.

हॅचरीत वाढवलेले दोन क्लाउनफिश आले. इतक्या विचाराने केलेल्या गुहा, ओटे, कमान, आणि दोघांनी जाऊन थर्मामीटरच्या मागे मुक्काम ठोकला.

३० एप्रिल

उद्यापासून शाळेला सुट्ट्या. उन्हाळाभर पाणी भरायला मी येणार, बोका बाहेर.

मोजपट्टीवालीने चौदा जागांचा नकाशा काचेशेजारी चिकटवला. प्रत्येक जागेला क्रमांक, पृष्ठभागापासून खोली, रंग विरायला लागलेले सेकंद, उजेड वरच्या थाळीच्या तुलनेत किती, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सहाव्या जागेसमोर लिहिलं आहे: "रिकामी. डावीकडे वीतभर काही ठेवू नये, तिसऱ्या वर्षी सावली पडते."

जून उघडल्यावर पहिलं काम: उजव्या वेव्हमेकरची जाळी उघडून घासणे, आवाज करतो आहे.